शब्द न् शब्द खरा

—नाय, बस. उन्हातनं चालत आलीस, बस आधी. पण त्या खांबाला टेकू नकोस, इकडे भिंतीकडे सरक. का म्हंजे? नको म्हणतो ना, म्हणून नको. माझं घर, माझी ओटी, माझा खांब. हां, अशी. आणि तो कमरेचा कोयता काढून तिकडे ठेव. नाय ठेवत? बरं, राहू दे. तुमच्या वाडीच्या बाया कोयत्याशिवाय पाणवठ्यावर पण जात नाय, मला काय ठाऊक नाय? पण मुठीवर हात कशाला गो? अर्ज लिवायला आलीस ना? अर्ज काय कोयत्यानी लिवतात? — हसलीस पण नाय. बापावर गेलीस. धाऊ पण असाच, ढिम्म. माणसानी शंभर शब्द बोलावे तवा तो एक हुंकार द्यायचा.

ओळखलं मी तुला, नाव सांगायच्या आधीच. वैशाखऱ्याच्या वरच्या वाडीची सावळी, धाऊ-बाईजाची पोर. नऊ वर्सांत उंच झालीस, डोळे तेच. आई पुण्याच्या तुरुंगात जन्मठेपेवर, नवऱ्याचा जीव घेतला म्हणून. आणि आता कल्याणचा कोणी वकील तुला म्हणतो, लढाई संपली, सरकार नरम पडलंय, लाटसाहेबाकडे दयेचा अर्ज करू, फक्त त्या वेळच्या दुभाष्याची सही आण. तो दुभाष्या म्हंजे हा कुंडलिक, तुझ्यापुढे बसलाय तो. दे बघू कागद. — इंग्रजी बरं हाय वकिलाचं. काय लिवलंय सांगू? लिवलंय की बाईजानी मढ्यापुढे जे शब्द काढले ती कबुली नव्हती, त्या भागातला शोक होता, आणि — ऐक, ऐक हां — आणि ‘हे मला त्या वेळी ठाऊक होतं.’ मला! म्हंजे मी जाणूनबुजून एका बाईला गळ्याएवढ्या पाण्यात ढकललं, असं मीच माझ्या हातानी लिवून द्यायचं? वा रे वकील! सापाच्या बिळात हात घालायचा तो दुसऱ्याचा. नाय करणार मी सही. आधीच सांगतो. मी जे सांगितलं त्यातला शब्द न् शब्द खरा होता. जा, कोश काढून बघ. तो फडताळात हाय, लाल पुठ्ठ्याचा.

तुला काय वाटतं, इंग्रजी मला कुणी गूळ भरवून शिकवलं? आमचा मास्तर एका चुकीच्या शब्दाला एक छडी मोजायचा, ओल्या निरगुडीची. किल म्हंजे काय? जीव घेणे. अ‍ॅक्स म्हंजे काय? कुऱ्हाड. हॅन्ड म्हंजे काय? हात — आणि तोच हात पुढे करायचा. कुणब्याचा पोर, घरात अक्षराची ओळख नाय, पण कोशातली पानंच्या पानं ह्या तळहातावर उठलीत. म्हणून तर प्रांतसाहेबाच्या कचेरीत दुभाष्या झालो, ह्या अख्ख्या तालुक्यात एकटा. मला वाटलं, झालं, शब्द आले की सगळं आलं. कसलं येतंय! पहिल्याच थंडीत साहेबाचा तंबू पडला माळावर. साहेब खुर्चीत बसून म्हणाला, थंडी वाढायला लागली. इंग्रजीत म्हणाला, मला सगळं कळलं. मी छाती काढून म्हटलं, येस सर, थंडी वाढायला लागली. तो परत म्हणाला. मी परत म्हटलं. चवथ्यांदा बूट आला, बूट! तोंडावर! हा पुढचा दात नाय ना, तो तिथेच माळावर ऱ्हायला. आणि रक्त पुसत बघतो तर पट्टेवाला आला न् तंबूचा पडदा ओढून बांधून गेला. त्याला इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, सावळे. त्याला साहेब कळला होता. मला नुसते शब्द कळले होते.

मी काय दगड होतो, शिकलो ना. बूट खाल्ला न् शिकलो — शब्दाचा अर्थ कोशात असतो, बोलण्याचा अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडावर असतो, तो कोण, कुणापुढे, कुठल्या वेळी बोलतोय, ते बघावं लागतं. मग एक म्हातारा आला फिर्याद घेऊन. साहेबापुढे आडवा पडला, म्हणाला, मारा नायतर तारा, तुमीच मायबाप. मी शब्द सांगितले आणि वर म्हटलं, साहेब, हा मारा म्हणतो पण ह्याला मार नकोय, ह्याला गुरं चारायला माळ मोकळा करून पायजे. झालं! साहेबानी टेबलावरचा रूळ उचलला न् इथे — ही भिवईवरची खोक बघ — इथे घातला. म्हणाला, मी तुझं तोंड चाकरीला ठेवलंय, डोकं नाय. लोक बोलतात तेवढंच सांग, त्यांच्या मनात काय ते मी बघीन. आता सांग, माणसानी करायचं काय? कळलं नाय म्हणून बूट, कळलं म्हणून रूळ. इकडे आड तिकडे विहीर. तवापासनं मी शब्द तेवढे द्यायला लागलो, मोजून, दुकानदार तांदूळ देतो तसे. वर चिमूट नाय, खाली चिमूट नाय.

तर तो दिवस. सदतीस साल, शिमगा तोंडावर आलेला. तुझ्या बापाला घराला आढं पायजे होतं, जुनं वाळवीनी खाल्लेलं. गेला कुऱ्हाड घेऊन सागाच्या रानात, आणि दुपारी त्याला चौघांनी झोळीत घालून आणला. डोकं मागनं फुटलेलं, नारळ फुटतो तसं. साहेबाचा मुक्काम वैशाखऱ्यालाच होता, खबर लागली, निघाला, मागे मी. अजून माझ्या नाकात तो वास हाय, रक्ताचा न् शेणसड्याचा. बाईजा मांडी घालून बसलेली, त्याचं डोकं मांडीवर, लुगडं रक्तानी भिजून काळं पडलेलं, कोपरापर्यंत हात लाल, बाजूला तीच कुऱ्हाड. माश्या घोंगावतायत. आणि ती छाती बडवून सांगतेय — मीच जीव घेतला गो ह्याचा, मीच घेतला, मीच! साहेबानी मला विचारलं, ही काय बोलते? मी सांगितलं. ती बोलली तेवढंच सांगितलं. मीच ह्याचा जीव घेतला. सांग, ती बोलली की नाय बोलली? बोलली ना? मग!

— हो, ठाऊक हाय मला. मला काय तू शिकवतेस? तुमच्या वाडीत मेलेला माणूस तेराव्यापर्यंत दारोदार पुसत फिरतो, माझा जीव कुणी घेतला, कुणी घेतला. मग ज्याची माया जास्त त्यानी पुढे होऊन अंगावर घ्यायचं — मीच घेतला. की तो निवतो, आपली वाट धरतो. आमच्या कुणब्यांत पण हेच. माझा थोरला भाऊ तापानी गेला तवा माझ्या आईनी भिंतीवर डोकं आपटून म्हटलं होतं, मीच खाल्ला माझा पोर. मी तिच्या पदराला धरून उभा होतो. तवा काय फौजदार आला होता तिला धरायला? — तर मला रीत ठाऊक हाय. पण साहेबानी मला रीत विचारली होती? शब्द विचारले. मी शब्द दिले.

काय? काय म्हणालीस? मोठ्यानी बोल. — तू तिथे होतीस? कुडाला चिकटून. असशील, दहा-अकरा वर्सांची. मग? मग काय ऐकलंस? पुढचं? पुढचं काय... साहेब म्हणाला, कशानी घेतला जीव, विचार हिला. मी विचारलं. बाईजानी दोन्ही हात वर केले, असे, न् म्हणाली, ह्या हातांनी, ह्याच हातांनी कुऱ्हाड दिली गो त्याच्या हातात, जा म्हटलं, आढं घेऊन ये. मी साहेबाला सांगितलं, ह्या हातांनी. कुऱ्हाड. साहेबानी कुऱ्हाडीकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं, कागदावर लिवून घेतलं. संपलं.

हां, दिली हे नाय सांगितलं. नाय सांगितलं! बाकीचं ऱ्हायलं तोंडातच. डोळे कशाला मोठे करतेस? बाई रडत बोलते, अर्धं कळतं, अर्धं नाय. साहेब घाई करतो, घोडा फुरफुरतो, माझ्या भिवईवरची खोक अजून ओली — जे सांगितलं त्यात एक तरी शब्द खोटा होता का? हात तिनी म्हटलं. कुऱ्हाड तिनी म्हटलं. मी पदरचं काय घातलं? काय नाय घातलं. आणि नंतर वरच्या कोर्टात दुसरा दुभाष्या होता, चांगला शिकलेला. जज्जानी तीनदा विचारलं, बाई, तू असं म्हटलंस? म्हटलं. मागे घेतेस? नाय घेत. मी मागच्या बाकावर बसून ऐकलंय. मागे कशी घेणार ती? मागे घेतलं असतं तर धाऊ परत उठून रानात पुसत फिरला असता. ती त्याच्यासाठी आत गेली, माझ्यामुळे नाय. मी त्या दिवशी उठून सांगू शकलो असतो? शकलो असतो. म्हंजे... नाय. बाकावरच्या माणसाला कोण विचारतो.

त्या जंगलखात्याच्या रघू गार्डाचं नाव माझ्यापुढे काढू नकोस! कुणी बघितलं त्याला? त्यानी कुऱ्हाडीच्या तुंब्यानी, मागच्या बोथट बाजूनी हाणला, धारेनी नाय, एकच घाव, तो पण पळणाऱ्या माणसाला मागनं, आणि मग कुऱ्हाड झोळीत टाकून — मला? मला काय ठाऊक! जखम बघितल्यावर कुणाला पण कळेल, धारेची जखम वेगळी. त्यानी मला काय सांगितलं नाय. तो आला होता फक्त, त्या दिवशी... सकाळी नाय, दुपारी, आमी वाडीवर जायच्या आधी. पाणी प्याला. म्हणाला, दुभाषे, घर बांधताय म्हणे, एक चांगला सोट पडलाय रानात, सरळ, ओटीला खांब होईल. बस, एवढंच. माणूस सोट देतो म्हणाला, मी नको कशाला म्हणू? कुठल्या झाडाचा, कुणी तोडला, मी विचारलं नाय. चोराच्या मनात चांदणं असतं, माझ्या मनात काय...

ए! — ए, उठू नको! सावळे! अगो बाई —! केवढ्यानी घातलास! आत्ता माझ्या कानावरनं गेला तो! थांब. थांब. हात लावू नकोस मला. मी म्हातारा माणूस, माझ्या अंगात रक्त किती, तुझ्या लुगड्याला पुरायचं नाय. बघ, रुतला कोयता. अर्धा आत गेला. ओढ आता, ओढ — निघत नाय ना? साग हाय तो, चांगला मुरलेला. म्हणून म्हटलं होतं, त्या खांबाला टेकू नकोस. बस खाली. तुला खांब तोडायचा की आई सोडवायचीय? — मग बस. पाणी पी. नाय पीत? नको पिऊ.

ऐक. डोकं चालव जरा, हात नंतर. वकिलाची ओळ, मला त्या वेळी ठाऊक होतं, ती मी खोडतो. ही बघ, खोडली. ती ऱ्हायली तर तुझी आई बाहेर न् मी आत, त्यात तुझं काय वाढतं? त्या जागी त्याच्यापेक्षा घट्ट ओळ देतो. लाटसाहेब काय विचारणार? विचारणार की शोकात माणसं असं बोलतात ह्याला पुरावा काय. वाडीच्या माणसांचे अंगठे आणशील, तर म्हणतील, रानातली माणसं, तिची सोयरीच सगळी. पण सरकारी दुभाष्या, इंग्रजी शिकलेला, मुरबाडच्या बाजारपेठेत ऱ्हाणारा, तो जर म्हणाला की मी स्वतः असं बोललो होतो? हाताच्या कांकणाला आरसा कशाला! माझी बायको गिरजा गेली चाळीस साली. तिच्या चितेपुढे मी अख्ख्या मुरबाडादेखत ओरडून म्हटलं होतं, मीच हिचा जीव घेतला, मीच, माझ्या ह्या हातांनी. फौजदार स्वतः मसणात होता. त्यानी काय केलं? माझ्या पाठीवरनं हात फिरवला. म्हणाला, सावरा, दुभाषे, किती माया तुमची. बाया पदर तोंडाला लावून रडत होत्या. एकानी पण नाय विचारलं, कशानी. एकानी पण! हा पुरावा बघ तुझ्या आईचा. असा पुरावा वकिलाच्या बापाला मिळाला नसता.

काय? कशानी गेली? — पडली. पडली ती. दसऱ्याचा दिवस, ओटी सारवलेली, ओली, पाय सरकला. मरणाला निमित्त लागतं. चांगली होती गो गिरजा, खरंच चांगली. फक्त एक खोड, एकदा डोक्यात काय बसलं की बसलं. तुझ्या आईला शिक्षा झाल्याचं कळल्यापासनं रोज ताट वाढताना विचारायची, ती काय म्हणाली हो? तुमी काय सांगितलंत? रोज. अडीच वर्सं. भात वाढला, विचारलं. आमटी वाढली, विचारलं. मी म्हणायचो, शब्द न् शब्द सांगितला. ती म्हणायची, मग भात का उतरत नाय तुमच्या घशाखाली? आणि त्या दसऱ्याला मी तिला म्हटलं, खांबाला तोरण बांध. साधं तोरण, झेंडू न् आंब्याची पानं. ती म्हणाली, ह्या खांबाला मी तोरण बांधायची नाय, ह्याला आधीच कुणीतरी न्हाऊ घातलंय. तोंडावर म्हणाली. मी म्हटलं, बांध. ती म्हणाली, नाय. मी तिचा बुचडा धरला न् म्हटलं, बांध. नाय. मग एकदा... एकदाच. नाय, दोनदा. दुसऱ्यांदा आवाज वेगळा आला. तीन दिवस पडून होती, डोळे उघडे, वैद्यानी विचारलं, मी सांगितलं, पडली. ती माझ्याकडे बघत होती. बोलली नाय. एवढी बोलणारी बाई, तीन दिवसांत एक शब्द बोलली नाय. त्यानीच मी फुटलो मसणात. मी काय रीत म्हणून ओरडलो नव्हतो गो. मला वाटलं, आता धरतील, धरू देत, एकदाचं सुटू दे. आणि माणसं मला कवळ्यात घेऊन रडायला लागली. कुणाचं काय चुकलं? कुणाचं नाय. मी बोललो ते सगळ्यांना कळलं, आणि...

...

हे मी काय बोलत बसलो.

तू काय ऐकलं नायस. ऐकलं असशील तर सांग कुणाला, जा. बाजारात उभी ऱ्हा न् सांग, दुभाष्यानी आपल्या तोंडानी सांगितलं, मीच बायकोचा जीव घेतला. लोक म्हणतील, अगो, तो सहा वर्सं तेच सांगतोय बिचारा. जा, सांग. नाय जात? मग अशी बघू नकोस. तीन दिवस बघून घेतलंय मी असं. थोबाडीत देईन, बाईमाणूस बघणार नाय. नायतर तू तरी मार, कोयता काढ न् मार, काय ते एकदा — निघत नाय, नाय का. बरं. दे ती दऊत इकडे.

लिवतो. वाचून दाखवतो, नीट ऐक. ‘मी, सरकारचा माजी दुभाष्या, शपथेवर सांगतो की ह्या मुलखात माणूस मेल्यावर जवळचं माणूस त्याचा जीव आपणच घेतला असं म्हणतं, आणि ती कबुली धरत नाहीत. माझी बायको वारली तेव्हा मीही चारचौघांत म्हटलं होतं, मीच हिचा जीव घेतला. तिथे हजर असलेल्या कोणीही ते खरं मानलं नाही.’ झालं. खाली सही. तारीख. एवढ्यावर सुटेल ती, बघ तू. घेतेस, की फाडू? तुला आता ठाऊक हाय ह्यात काय हाय. घेतलास तर हे तुझ्याही पदराला लागलं. लवकर बोल, शाई वाळली.

घेतलास. शहाणी हायस. चोळीत ठेव, घामानी भिजवू नकोस. कल्याणची मोटर सुटायला अजून वेळ हाय, चालत गेलीस तरी गाठशील. वकिलानी विचारलं तर सांग, दुभाष्यानी काय पदरचं घातलं नाय न् काय ठेवलं पण नाय. ह्या वेळी एक शब्द ऱ्हायला नाय. शब्द न् शब्द खरा हाय ह्यातला. जा आता. जा म्हणतो ना, माझ्या जेवणाची वेळ झाली. — आणि हा कोयता घेऊन जा तुझा. माझ्यानी नाय निघायचा. सावळे? अगो, कोयता... सावळे!